कोर्सवर्कमध्ये काय धरणार, ते प्रवेशाआधी लिहून द्या

प्रति,
राज्यातील विद्यापीठांचे मा. कुलगुरू, विद्या परिषदांचे सदस्य, अभ्यास मंडळांचे अध्यक्ष आणि परीक्षा व मूल्यमापन मंडळांचे संचालक यांस,

स. न.

पीएच.डी.ला प्रवेश मिळाला की पहिल्या महिन्यात प्रत्येक संशोधक विद्यार्थी एकच प्रश्न घेऊन फिरतो : कोर्सवर्कमध्ये, म्हणजे प्रबंधाआधी पूर्ण करायच्या सक्तीच्या अभ्यासक्रमांत, काय काय धरतात? विभागप्रमुख एक सांगतात, मार्गदर्शक दुसरे, परीक्षा विभागाच्या खिडकीवर तिसरेच कळते. कागदावर काही नसते. असलेच तर ‘नियमानुसार’ एवढा एक शब्द असतो. मग अडीच-तीन वर्षांनी प्रबंध सादर करायची वेळ येते आणि फाईल शेरा घेऊन परत येते : ‘४ क्रेडिट ग्राह्य धरता येत नाहीत.’ (क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांचे माप.)

हे पत्र त्या शेऱ्याबद्दल आहे. लिहिणारे आम्ही कोर्सवर्क शिकवणारे, मार्गदर्शक म्हणून सह्या करणारे आणि गुणपत्रके, ट्रान्स्क्रिप्ट तपासणारे लोक आहोत. ज्याच्या फाईलवर शेरा पडतो त्याचे वर्ष जाते, हे आम्ही जाणतो. तो लिहिणारा हात पुष्कळदा आमच्यातलाच असतो, हेही जाणतो. समोर लेखी व्याख्या नसली की खालच्या टेबलावर बसलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणणेच सुरक्षित वाटते, कारण ‘हो’ म्हटल्याचा जाब विचारला जातो आणि ‘नाही’ म्हटल्याचा कोणी विचारत नाही.

केंद्राचे नियम मोघम आहेत, अशी सबब अनेकदा ऐकू येते. ती अर्धीच खरी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी कोर्सवर्क सक्तीचे केले आणि किमान एका सत्राचे ठेवले. २०१६ च्या विनियमांत किमान ८ आणि कमाल १६ क्रेडिट असा आकडा आला, त्यांतली किमान ४ संशोधन पद्धतीसाठी. ७ नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनी किमान १२ क्रेडिट सांगितली, संशोधन व प्रकाशन नीतीचा अभ्यासक्रम आणि संशोधन पद्धतीचा अभ्यासक्रम त्यांतच धरले, आयोगमान्य ऑनलाइन अभ्यासक्रम सुचवायची मुभा संशोधन सल्लागार समितीला दिली, आणि पुढे जाण्यासाठी ५५ टक्के किंवा १० गुणांच्या श्रेणीत तेवढी श्रेणी हवी असे म्हटले. चौकट एवढी आहे. तिच्या आत नीतीचे २ आणि संशोधन पद्धतीचे ४ क्रेडिट धरले तरी ६ उरतात. ते कशाने भरायचे, हे ठरवणे आपल्याकडे आहे, आणि आमची तक्रार या सहा क्रेडिटांची आहे.

या जागेत आज काय काय येऊन पडते, ते बघा. परिषदेच्या हजेरीचे प्रमाणपत्र. सात दिवसांची कार्यशाळा. छापून आलेला शोधनिबंध. मार्गदर्शकाने ‘साहित्य समीक्षा’ या नावाखाली दिलेले ४ क्रेडिट. पदवीच्या वर्गावर घेतलेल्या तासिका. एका विभागात यांतले सगळे चालते, शेजारच्या विभागात काहीच चालत नाही, आणि दोन्ही विभाग एकाच विद्यापीठाचे असतात.

आम्ही फाईल तपासताना पाच प्रश्न विचारतो. अभ्यासक्रम सुरू होण्याआधी त्याचा मजकूर छापलेला होता का? तास मोजलेले आहेत का? शिकवणाऱ्याचे नाव कागदावर आहे का? मूल्यमापन झाले का, आणि ते एकट्या मार्गदर्शकाच्या हाती नव्हते ना? गुण परीक्षा विभागाच्या नोंदीत चढले का? पाचही उत्तरे ‘हो’ आली तर ते कोर्सवर्क, मग ते वर्गात झालेले असो, प्रयोगशाळेत असो की संगणकासमोर. एक जरी ‘नाही’ आले तर ते चांगले काम असेल, पण कोर्सवर्क नव्हे.

हे प्रश्न लावले की बरेचसे धुके निघून जाते. परिषदेतली हजेरी बाद होते, कारण तिथे मूल्यमापन नसते. कार्यशाळेचे तास भरतात (सात दिवस, रोज सहा तास, म्हणजे ४२), पण प्रमाणपत्रावर ‘सहभाग घेतला’ एवढेच असते. तीच कार्यशाळा अभ्यास मंडळाने आधी मान्य केली, शेवटी परीक्षा किंवा स्वाध्याय ठेवला आणि गुण कळवले, तर २ क्रेडिट द्यायला कोणाची हरकत नसावी. शोधनिबंध मात्र कोर्सवर्क होऊच शकत नाही. तो संशोधनाचे फळ आहे. शिवाय २०२२ च्या विनियमांत प्रबंधापूर्वी शोधनिबंध छापून आणण्याची सक्ती राहिलेली नाही. पुढच्या दाराने गेलेली अट कोर्सवर्कच्या मागच्या दाराने परत आणू नये.

खरी अडचण कडेच्या गोष्टींची आहे. ‘साहित्य समीक्षा, ४ क्रेडिट’ हा सर्वांत मोठा गोंधळ. साहित्याचा शोध कसा घ्यायचा, कोणते डेटाबेस, कोणते शब्द, काय घेतले आणि काय का वगळले याची नोंद, प्रत्येक संदर्भावर टिपण, शेवटी स्वतंत्र अहवाल आणि मार्गदर्शकाव्यतिरिक्त दुसऱ्याकडून तपासणी, असे असेल तर तो अभ्यासक्रम आहे. ‘प्रबंधाचे दुसरे प्रकरण लिहून आण, मी गुण देतो’ असे असेल तर एकाच कामाचे दोनदा माप घेतले जाते. याचा फटका नंतर अनपेक्षित ठिकाणी बसतो. तो अहवाल विभागाने ऑनलाइन भांडारात अपलोड केलेला असतो, आणि प्रबंधाची समानता तपासताना विद्यार्थ्याचा स्वतःचाच मजकूर त्याच्यावर उलटतो. २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. एक अख्खे प्रकरण जुळले की ती मर्यादा तिथेच संपते, आणि मग खुलाशांचा पत्रव्यवहार सुरू होतो.

क्षेत्रकार्याचेही तसेच. इतिहासाचा विद्यार्थी ६० तास मोडी लिपी शिकतो, उतारे वाचून दाखवतो, परीक्षा देतो, ते कोर्सवर्क. नंतर तोच पुण्याच्या पुराभिलेखागारात बसून आपल्या विषयाचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, उघडून वाचतो, ते संशोधन. दोन्हींत मोडीच वाचली जाते, म्हणून दोन्ही एक होत नाहीत. आम्ही एक साधी कसोटी लावतो : उद्या विषय बदलला तर हे शिकणे त्याच्याजवळ उरेल का? उरणार असेल तर ते बहुधा कोर्सवर्क असते. अगदी विशेष विषयांत ही कसोटी थोडी लंगडते, मान्य आहे. तिथे अभ्यास मंडळाने कारण लिहून निर्णय घ्यावा. पण निर्णय घ्यावा.

अध्यापन सहायकाचे काम, म्हणजे आठवड्याला ४ ते ६ तास ट्यूटोरियल किंवा प्रयोगशाळा सांभाळणे, हे २०२२ च्या विनियमांत आहे. अध्यापन, अध्यापनशास्त्र आणि लेखन यांचे प्रशिक्षणही सर्व शाखांना लागू आहे. या दोन्ही गोष्टी त्या १२ क्रेडिटांत बसतात की बाहेर, हे विद्यापीठाने एका ओळीत लिहायचे असते. ती ओळ नसली की फुकटात तासिका घेऊन होतात आणि क्रेडिटही मिळत नाही.

आता तासांचे गणित. संशोधन व प्रकाशन नीतीचा अभ्यासक्रम आयोगाने २०१९ मध्ये आखून दिला : २ क्रेडिट, ३० तास, सहा घटक. तत्त्वज्ञान व नीतीला ३ तास, वैज्ञानिक आचरणाला ५, प्रकाशन नीतीला ७, मुक्त प्रकाशनाला ४, प्रकाशनातील गैरप्रकारांना ४, डेटाबेस व संशोधन निर्देशांकांना ७. म्हणजे एका क्रेडिटला १५ तास, हे माप आयोगाने स्वतः घालून दिलेले आहे. प्रयोगशाळा, क्षेत्रकार्य आणि चर्चासत्राला पदवीच्या आराखड्यात ३० तासांना एक क्रेडिट धरतात. १२ क्रेडिट सगळी वर्गातली धरली तरी १८० तास होतात. रोज सहा तास शिकवून पंधरा दिवसांत उरकलेल्या कोर्सवर्कचे होतात ९०. उरलेले ९० कुठे गेले, याचे उत्तर हजेरीपत्रकात नसते. नोकरी करून अर्धवेळ पीएच.डी. करणाऱ्यांसाठी रविवारी पाच तास वर्ग घेतला तर ३६ रविवार लागतात. सणवार आणि परीक्षा धरून ते वर्षभराचे काम आहे. एका सत्रात ते बसत नाही, तर तसे वेळापत्रकात कबूल करावे आणि दोन सत्रे लावावीत. त्या सहा घटकांतले शेवटचे तीन तर प्रात्यक्षिकाचे आहेत : समानता तपासणारे सॉफ्टवेअर चालवणे, स्कोपससारख्या शोधनिबंधांच्या डेटाबेसमध्ये शोध घेणे, एच-इंडेक्स (निबंधांना मिळालेल्या संदर्भांवरून निघणारा संशोधकाचा निर्देशांक) काढून बघणे. संगणक नसलेल्या सभागृहात दीडशे जणांना बसवून ते भाषणाने शिकवले जातात, तेव्हा क्रेडिट कागदावरच उरते.

स्वयम् आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणमंचांवरून केलेले अभ्यासक्रम हा दुसरा खड्डा, आणि इथे चूक बऱ्याचदा दोन्ही बाजूंची असते. विद्यार्थी आधी अभ्यासक्रम करतो आणि नंतर समितीकडे मान्यता मागतो. विनियम म्हणतात, समितीने शिफारस करायची. म्हणजे क्रम असा हवा : आधी समितीच्या इतिवृत्तात अभ्यासक्रमाचे नाव, आठवडे आणि क्रेडिट, मग नोंदणी, मग परीक्षा. नोंदणी फुकट असते म्हणून खूप जण तिथेच थांबतात. परीक्षेची नोंदणी वेगळी असते, तिची मुदत वेगळी असते, आणि परीक्षा न देता फक्त व्हिडिओ पाहिल्याने क्रेडिट मिळत नाही. एनपीटीईएलमध्ये साधारणतः ४ आठवड्यांना १, ८ आठवड्यांना २ आणि १२ आठवड्यांना ३ क्रेडिट धरतात. ज्या विभागाने ४ क्रेडिटची रिकामी जागा ठेवली आहे, तिथे १२ आठवड्यांचा अभ्यासक्रम करून एक क्रेडिट कमी पडते. ते एक कुठून आणायचे, याचा विचार आराखडा करतानाच व्हायला हवा होता.

त्याहून सूक्ष्म अडचण गुणांची. एनपीटीईएलचे प्रमाणपत्र मिळायला स्वाध्यायांत २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० गुण पुरतात, म्हणजे एकूण ४०. पीएच.डी.च्या कोर्सवर्कला ५५ लागतात. ४८ गुणांचे खरे, क्यूआर कोड असलेले प्रमाणपत्र हातात असते आणि तरी कोर्सवर्क नापास ठरते. प्रवेशाच्या दिवशी हे एक वाक्य सांगितले असते तर विद्यार्थ्याने परीक्षा वेगळ्या तयारीने दिली असती. जानेवारी आणि जुलै अशा दोनच फेऱ्या वर्षाला असतात. एक हुकली की सहा महिने गेले.

५५ टक्के म्हणजे नेमके कशाचे, यावरही एकमत नाही. काही ठिकाणी सर्व विषयांची बेरीज करून धरतात, काही ठिकाणी प्रत्येक विषयात वेगळे मागतात. श्रेणीपद्धतीत तर आणखी घोळ. आयोगाच्या १० गुणांच्या मापात बी प्लस म्हणजे ७, बी म्हणजे ६, सी म्हणजे ५. मग ५५ टक्के कुठे बसतात? सी आणि बी यांच्या मध्ये. विद्यापीठाने टक्केवारीचे पट्टे छापलेले नसले की एकाच गुणपत्रकावर एक अधिकारी पास म्हणतो, दुसरा नापास. पुनर्परीक्षा किती वेळा, किती दिवसांत, आणि नापास झाला तर फक्त तोच विषय की सगळे पुन्हा, हेही बहुतेक परिपत्रकांत सापडत नाही.

आणि वेळ. पीएच.डी.ची किमान तीन आणि कमाल सहा वर्षे प्रवेशाच्या तारखेपासून मोजली जातात, कोर्सवर्क त्यातच धरून. विद्यापीठाने कोर्सवर्क आठ महिने सुरूच केले नाही, निकाल पाच महिने लावला नाही, तरी घड्याळ विद्यार्थ्याचेच फिरते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ परीक्षांचे निकाल ३० दिवसांत आणि फार तर ४५ दिवसांत लावायला सांगतो. पदवीच्या हजारो उत्तरपत्रिकांसाठी जी मुदत आहे, ती चाळीस जणांच्या कोर्सवर्कला जड जाऊ नये.

जुन्या तुकड्यांबद्दल थोडक्यात. आधीच्या विनियमांखाली नोंदणी झालेल्यांना तेच विनियम लागू राहतात, हे २०२२ च्या विनियमांतच आहे. २०१९ किंवा २०२० मध्ये ८ क्रेडिट पूर्ण केलेल्याकडे आज १२ मागणे चुकीचे आहे. तरी मागितली जातात, कारण तपासणीचा तक्ता एकच छापलेला असतो.

याउलट एक प्रश्न पुढे वाढणार आहे, त्याकडे आत्ताच बघावे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत संशोधन पद्धतीचे ४ क्रेडिट पहिल्याच वर्षी आले आहेत. हे विद्यार्थी पीएच.डी.ला आले की तोच नमुना निवड, तीच प्रश्नावली, तीच गृहीतके पुन्हा शिकतील. सूट द्यावी, असे आम्ही म्हणत नाही. विनियमांना पीएच.डी.च्या पातळीवरचा अभ्यासक्रम हवा आहे आणि ते योग्यच आहे. पण मग तो त्या पातळीचा असावा : विषयातल्या खऱ्या माहितीसंचावर काम, सांख्यिकीची किंवा गुणात्मक विश्लेषणाची एक पद्धत शेवटपर्यंत नेणे, छापून आलेला एखादा निबंध उलगडून त्याची रचना तपासणे. चार वर्षांच्या पदवीनंतर ७५ टक्क्यांवर थेट पीएच.डी.ला येणाऱ्यांची तयारी वेगळी असेल. दोघांना एकाच खोलीत एकच पुस्तिका देऊन चालणार नाही.

आता करारांकडे येतो. परदेशी विद्यापीठांशी सामंजस्य करार झाल्याच्या बातम्या आपण छायाचित्रांसह देता. त्यांतले बरेच करार आम्हाला वाचायला मिळतात, आणि कोर्सवर्कबद्दल त्यांत एकच वाक्य असते : ‘दोन्ही संस्था समकक्ष क्रेडिट परस्परांना मान्य करतील.’ ‘समकक्ष’ या शब्दावर सह्या होतात आणि त्याचा अर्थ विद्यार्थी परत आल्यावर शोधला जातो.

उदाहरण घ्या. युरोपातल्या ईसीटीएस पद्धतीत वर्षाला ६० क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटला २५ ते ३० तासांचे एकूण काम, म्हणजे वर्ग, वाचन, स्वाध्याय, परीक्षा सगळे धरून. आपल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाला ४० क्रेडिट आणि १२०० तास. कोणी तिथून ६ ईसीटीएसचा अभ्यासक्रम करून आला. वर्षाच्या प्रमाणात बघितले तर त्याचे इथे ४ क्रेडिट होतात. एकूण तास बघितले तर १५० ते १८० भागिले ३०, म्हणजे ५ ते ६. आणि वर्गातले तासच बघितले, समजा ते ३६ होते, तर १५ ने भागून जेमतेम २. एकच अभ्यासक्रम, एकच गुणपत्रक, आणि उत्तर २ पासून ६ पर्यंत काहीही. तीनही गणिते चोख आहेत, पण करारात कोणते वापरायचे तेच लिहिलेले नाही. आमचे मत वर्षाच्या प्रमाणाच्या बाजूने आहे, कारण पूर्ण वेळ काम करणाऱ्या विद्यार्थ्याचे वर्ष दोन्हीकडे वर्षच असते. अमेरिकेत हेच कोष्टक वेगळे : आठवड्याला एक तास वर्ग आणि बाहेर किमान दोन तास काम, साधारण पंधरा आठवडे, म्हणजे एक क्रेडिट. तीन क्रेडिटांच्या विषयाचे ४५ तास वर्गात आणि ९० बाहेर. देश बदलला की कोष्टक बदलते, म्हणून प्रत्येक कराराला त्याचे स्वतःचे परिशिष्ट हवे.

दुसरा अडथळा श्रेणीचा. परदेशातल्या अनेक पीएच.डी. अभ्यासक्रमांत गुण देतच नाहीत, ‘उत्तीर्ण’ एवढेच लिहितात. इथे ५५ टक्के दाखवल्याशिवाय फाईल हलत नाही. मग विद्यार्थी तिकडच्या प्राध्यापकांना मेल करून टक्केवारी मागतो आणि ते नम्रपणे कळवतात की आमच्याकडे अशी पद्धत नाही. ‘उत्तीर्ण’ म्हणजे ५५ टक्क्यांची अट पूर्ण, एवढे एक कलम करारात असते तर हा पत्रव्यवहार झालाच नसता.

तिसरा, प्रबंधाची क्रेडिट. कित्येक परदेशी ट्रान्स्क्रिप्टमध्ये संशोधन आणि प्रबंधालाही क्रेडिट असतात आणि ते त्याच रकान्यात छापलेले असतात. बेरीज करताना ते कोर्सवर्कमध्ये मिसळतात. कधी त्यामुळे विद्यार्थ्याचा फायदा होतो, म्हणून कोणी बोलत नाही. पण पुढे नोकरीच्या छाननीत कोणी रकाने वेगळे केले की तोच उघडा पडतो.

आयोगाने २ मे २०२२ च्या विनियमांत ट्विनिंग (काही भाग परदेशात, पदवी भारतीय संस्थेची), संयुक्त (दोन्ही संस्थांची मिळून एक पदवी) आणि दुहेरी (दोन्ही संस्थांच्या वेगळ्या पदव्या) यांसाठी मर्यादा घातल्या आहेत. ट्विनिंगमध्ये परदेशातून ३० टक्क्यांपेक्षा जास्त क्रेडिट चालत नाहीत, संयुक्त पदवीत प्रत्येक संस्थेतून किमान ३० टक्के लागतात, दुहेरीत भारतीय संस्थेतून किमान ३० टक्के. एकाच आशयाचे अभ्यासक्रम दोन्हीकडे करून क्रेडिट मोजता येत नाहीत. संयुक्त पीएच.डी.त दोन्हीकडे मार्गदर्शक, दोन्हीकडे किमान एक सत्र आणि एकच प्रबंध. मग संशोधन पद्धतीचा अभ्यासक्रम दोन्हीकडे सक्तीचा असेल तर तो कुठे करायचा? दोन्हीकडे केला तर आशय दुहेरी, एकीकडे केला तर दुसरीकडचा परीक्षा विभाग अडवतो. असल्या तिढ्याची उकल सहीच्या आधी होते, नंतर होत नाही.

युरोपातल्या इरॅस्मस या विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेत विद्यार्थी निघण्याआधी एक अध्ययन करार भरला जातो. एका तक्त्यात तिकडे कोणते अभ्यासक्रम करणार, दुसऱ्यात ते इकडच्या कशाच्या जागी धरले जाणार. सह्या तिघांच्या : विद्यार्थी, पाठवणारी संस्था, घेणारी संस्था. तिकडे पोचल्यावर विषय बदलला तर दुरुस्तीवर पुन्हा तिघांच्या सह्या. दोन तक्ते आणि तीन सह्या, एवढीच युक्ती आहे. पदव्या व शिक्षणाच्या परस्पर मान्यतेच्या १९९७ च्या लिस्बन करारात आणखी एक तत्त्व आहे : मान्यता नाकारायची असेल तर ठळक फरक दाखवण्याची जबाबदारी नाकारणाऱ्या संस्थेवर. भारत त्या कराराचा भाग नाही, पण चांगले तत्त्व उचलायला सही लागत नाही.

शेवटची तक्रार प्रमाणपत्राची. ‘श्री./श्रीमती अमुक यांनी कोर्सवर्क यशस्वीरीत्या पूर्ण केले आहे’ हे एका ओळीचे प्रमाणपत्र आजही दिले जाते. सहायक प्राध्यापक पदाच्या छाननीत ते पुरत नाही, परदेशी फेलोशिपसाठी तर नाहीच. प्रत्येक अभ्यासक्रमाचे नाव, सांकेतांक, क्रेडिट, तास, मिळालेले गुण, सत्र आणि निकालाची तारीख, आणि कोणत्या वर्षाच्या विनियमांखाली हे झाले, एवढे त्यावर हवे. क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या राष्ट्रीय ऑनलाइन क्रेडिट-खात्यातही चढावेत. २०२१ पासून ती व्यवस्था आहे, आणि तिथे क्रेडिट सात वर्षांपर्यंत टिकतात. विवाहामुळे किंवा अन्य कारणाने दुसऱ्या गावी जाणाऱ्या संशोधक महिलेला आपले संशोधन दुसऱ्या संस्थेत नेता येते, हे विनियमांत आहे. तिचे १२ क्रेडिट मात्र कपाटातल्या रजिस्टरात अडकून पडतात आणि नव्या ठिकाणी तिला पुन्हा पहिल्या सत्रात बसवतात.

म्हणून आमच्या मागण्या अशा :

१. कोर्सवर्कमध्ये काय धरले जाईल आणि काय धरले जाणार नाही, याचे दोन रकान्यांचे एक पान विद्या परिषदेने मंजूर करून प्रवेशाच्या जाहिरातीसोबत प्रसिद्ध करावे. नीती व संशोधन पद्धती १२ क्रेडिटांच्या आत आहेत, हे त्यावर स्पष्ट असावे.

२. प्रवेशाच्या तारखेला लागू असलेला नियम शेवटपर्यंत लागू राहावा. मागाहून काढलेले परिपत्रक आधीच्या तुकडीला लावू नये.

३. बाहेरच्या किंवा ऑनलाइन अभ्यासक्रमाला मान्यता मागणाऱ्या अर्जावर ३० दिवसांत लेखी निर्णय द्यावा. नकार असेल तर कारण लिहावे. ३० दिवसांत उत्तर न आल्यास मान्यता मिळाली असे समजावे.

४. ५५ टक्के एकत्रित की विषयवार, श्रेणींचे पट्टे, पुनर्परीक्षेच्या संधी, हे त्याच पानाच्या मागच्या बाजूला छापावे.

५. कोर्सवर्क प्रवेशानंतर ६० दिवसांत सुरू व्हावे आणि निकाल ४५ दिवसांत लागावा. विद्यापीठामुळे झालेला उशीर विद्यार्थ्याच्या मुदतीत भरून द्यावा.

६. प्रत्येक शैक्षणिक कराराला क्रेडिट रूपांतराचे परिशिष्ट जोडावे : रूपांतराचे सूत्र, ‘उत्तीर्ण’ श्रेणीचा अर्थ, प्रबंधाची क्रेडिट वेगळी, सक्तीचे अभ्यासक्रम कुठे करायचे, आणि मतभेद झाल्यास निर्णय कोणाचा. परिशिष्ट नसलेल्या करारावर सही करू नये.

७. कोर्सवर्कचे गुणपत्रक वर सांगितलेल्या तपशिलासह द्यावे आणि क्रेडिट त्याच महिन्यात बँकेत चढवावेत.

यांतल्या एकाही मागणीला नवे पद, नवी इमारत किंवा शासनाचा निधी लागत नाही. तिसऱ्या मागणीतले शेवटचे वाक्य आपल्याला खटकेल, याची कल्पना आहे. त्यावर बोलायला आम्ही तयार आहोत, फक्त मुदत असलीच पाहिजे. पहिल्या मागणीतल्या पानाचा आणि सहाव्या मागणीतल्या परिशिष्टाचा मसुदा आम्ही तयार ठेवला आहे. विद्या परिषदेच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा. बैठकीची तारीख कळवल्यास मसुदा आठ दिवस आधी सादर करू.

आपले,
संशोधन केंद्रांत शिकवणारे, मार्गदर्शन करणारे आणि कागद तपासणारे